रताळ्याचं बेणं: वेलाबरोबर पुढे काय काय जातं?

मिरगाचा पाऊस स्थिरावला की बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या शिवारापासून खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या माळांपर्यंत, लाल मातीत वरंबे ओढले जातात. बायका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन रताळ्याच्या कांड्या लावायला बसतात. लहानपणी आमच्या थोरल्या काकींच्या हाताखाली मी मोळीतून कांड्या सोडवून द्यायचो. काकी प्रत्येक कांडी एकदा बोटांत वळवून बघायच्या आणि मधूनच एखादी बांधावर टाकायच्या. "ह्यो नको. ह्यो उतरलाय." वेल हिरवागार, पानं शाबूत, मग उतरलाय म्हणजे काय? त्यांना ते नीट सांगता यायचं नाही. पानं बारीक वाटतात, कडेला गुंडाळल्यासारखी दिसतात, एवढंच म्हणायच्या.

पुढे शेतीचा अभ्यास करताना कळलं की काकी जे बघत होत्या, त्याच एका गोष्टीवर जगभर कितीतरी शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली आहेत. कंदपिकांच्या संशोधनाची माहिती आपल्या भागात मराठीत फारशी पोचत नाही. कर्नाटकातली पत्रकं कन्नडमध्ये असतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पुस्तिका मराठीत असते पण ती कोकणासाठी असते आणि सीमेच्या पलीकडे वाटली जाते. आपला शेतकरी दोन्हींच्या मधे राहतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी रताळं म्हणजे नेमकं काय ते पाहू. बटाटा आणि रताळं बाजारात शेजारी बसतात, म्हणून आपण दोन्हींना एकाच माळेत ओवतो, पण झाडाच्या अंगानं बघितलं तर ती दोन वेगळी अवयवं आहेत. बटाटा म्हणजे जमिनीखाली वाढलेला खोडाचा फुगीर भाग. त्याच्यावर डोळे असतात, प्रत्येक डोळा म्हणजे एक कोंब. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. त्यावर तसे डोळे नसतात. बटाटा टोमॅटो-वांग्याच्या कुळातला, तर रताळं गारवेलीच्या. थंडीत एखाद्या वरंब्यावर फिकट जांभळं, मधे गडद झालेलं फूल दिसलं तर जवळ जाऊन बघा, हुबेहूब गारवेलीचं वाटेल.

नावांची गंमत याहून मोठी आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी तो शब्द उचलला, पुढे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. म्हणजे आज आपण ज्याला बटाटा म्हणतो, त्यानं रताळ्याचं नाव घेतलं आहे. आणि रताळ्याला आपण जे नाव दिलं ते संस्कृत 'रक्तालु'वरून, जे मुळात इथल्याच एका तांबड्या रानकंदाचं असावं. कन्नडमध्ये रताळं म्हणजे गेणसु, आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो त्या कसाव्याला मरगेणसु, झाडावरचं रताळं. एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी आणि वर दाण्याचं कूट असतं. या चारही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. साबुदाणा आज मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, तिथल्या कारखान्यांत कसाव्याच्या मुळांचा स्टार्च काढून त्याचे दाणे करतात.

आता मुद्द्याकडे येऊ. भात, नाचणी, सोयाबीन यांना आपण बी पेरतो. रताळं, कसावा, सुरण, अळू, कणगर, कोनफळ यांना बेणं लावतो. हा फरक वरवर छोटा दिसतो, पण कंदपिकांच्या संशोधनातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्यातूनच निघतो.

बी तयार होताना झाड एका अर्थानं नव्यानं सुरुवात करतं. आईबापाचे गुण मिसळतात, नवं रोप जन्माला येतं, आणि आईच्या अंगातले बरेचसे रोग बियात उतरत नाहीत. कांडीचं तसं नाही. कांडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. गेल्या वर्षीचा वेल, त्याच्या आधीचा वेल, पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बांधावर वाढलेला वेल, हे सगळं एकच झाड, फक्त तुकड्यातुकड्यानं पुढे आलेलं. त्यामुळे चांगला गुण सापडला तर तो जसाच्या तसा पुढे जातो, ही मोठी सोय. पण एकदा शिरलेला विषाणूही तसाच पुढे जातो.

कधीकाळी शिरलेलं किती खोलवर राहू शकतं याचं एक विलक्षण उदाहरण आहे. २०१५ साली बेल्जियममधलं गेंट विद्यापीठ आणि पेरूतलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र इथल्या शास्त्रज्ञांनी रताळ्याचे जनुक तपासले. त्यांना तिथे ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या मातीतल्या जिवाणूचे जनुक सापडले. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी त्या जिवाणूनं आपला थोडा वारसा रताळ्याच्या पेशीत सोडला आणि तो तिथेच राहिला. लागवडीतल्या २९१ नमुन्यांपैकी प्रत्येकात त्याचा एक भाग होता. आज प्रयोगशाळेत झाडात परका जनुक घालायला शास्त्रज्ञ याच कुळातले जिवाणू वापरतात, आणि इथे निसर्गानं ते काम आधीच करून ठेवलं होतं. माणसानं निवडलेल्या सगळ्या रताळ्यांत हा तुकडा कसा, त्याचा काही उपयोग झाला म्हणून की योगायोगानं, यावर अजून चर्चा चालू आहे.

बरं, मग नवा वाण करायचा तर कसा? त्यासाठी मात्र रताळ्याचं बी घ्यावंच लागतं, आणि तिथे हे पीक फार हट्टी आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, बटाट्यात चार, रताळ्यात सहा. प्रत्येकी १५ गुणसूत्रं, एकूण ९०. दोन पत्त्यांचे जोड पिसण्याऐवजी सहा जोड एकदम पिसल्यासारखं समजा. तांबडं, गोड, भरपूर लागणारं रताळं दुसऱ्या तसल्याच रताळ्याशी जुळवलं तरी पोरं कशी निघतील याचा नेम नाही. त्यात बहुतेक झाडं स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. म्हणून संशोधक हजारो रोपं वाढवतो आणि त्यातली बहुतेक टाकून देतो. उरलेल्यांच्या कांड्या काढून पुढच्या वर्षी लावतो, पुन्हा टाकतो. मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत लावून बघतो. यात कित्येक वर्षं जातात. ज्या रोपात सगळं जमून आलं, त्याची कांडी म्हणजे नवा वाण. त्यानंतर बी विसरायचं, बेणं सांभाळायचं.

हे काम भारतात करणारी मुख्य संस्था म्हणजे केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था, तिरुवनंतपुरमच्या श्रीकार्यम इथे १९६३ साली सुरू झालेली. १९६८ पासून देशभरातल्या केंद्रांना जोडणारा समन्वित प्रकल्प आहे. केरळच्या मातीत चांगला आलेला वाण खानापूरच्या पावसात किंवा गोकाककडच्या कोरड्या हवेत टिकेलच असं नाही, म्हणून तेच वाण ठिकठिकाणी लावून पाहतात. आपल्याला जवळची केंद्रं दोन: धारवाड, आणि घाटाखाली दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, ज्यांचा 'कोकण अश्विनी' हा रताळ्याचा वाण आहे. आपल्याच जिल्ह्यात अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. नव्या बेण्याची चौकशी करायची तर सुरुवात इथून करावी. गाडीभाडं काढून थेट केरळला जायची गरज नाही.

आता काकींच्या 'उतरलाय'कडे वळू. रताळ्यावर पिसासारखे डाग पाडणारा एक विषाणू मावा किडीतून पसरतो. पानं वर गुंडाळणारा दुसरा पांढऱ्या माशीतून. एकटा विषाणू असला तर वेल आजारी दिसतही नाही, फक्त रताळी थोडी कमी आणि बारीक लागतात. आफ्रिकेत दोन वेगळे विषाणू एकाच वेलात भेटले की पीक बसतं, असं अनुभवाला आलं आहे. आपल्याकडे तसं अचानक काही होत नाही. दरवर्षी पोतं-दोन पोती कमी होतात आणि शेतकरी म्हणतो, जमीन थकली. जमीन थकतेच, पण बऱ्याचदा आधी बेणं थकलेलं असतं.

याला उपाय सापडला तो सुंदर आहे. वेलाच्या शेंड्याच्या अगदी टोकाला काही पेशी इतक्या वेगानं विभागत असतात की विषाणू त्यांच्यापर्यंत पोचत नाही, मागे पडतो. तो मिलिमीटरपेक्षाही लहान कण भिंगाखाली कापून काचेच्या नळीत, अन्नद्रव्याच्या थरावर ठेवला की त्यातून पूर्ण रोप उभं राहतं. मग त्याची तपासणी होते, विषाणू नाही अशी खात्री झाली की त्याच्या कांड्या जाळीच्या घरात वाढवायच्या, आणि तिथून शेतात. चीनच्या शानतुंग प्रांतात १९९० च्या दशकात शेतकऱ्यांना असं स्वच्छ बेणं मोठ्या प्रमाणावर मिळालं, आणि त्याच वाणाचं उत्पादन ३० टक्क्यांहून अधिक वाढलं. वाण तोच, खत तेच, फक्त वेल निरोगी.

मात्र हे एकदा करून संपत नाही. शेतात मावा असतोच, पांढरी माशी असतेच. दोन-चार वर्षांत वेल पुन्हा उतरतो. म्हणजे एखादी रोपवाटिका सतत ताजं बेणं पुरवत राहिली पाहिजे. उसाच्या ऊतिसंवर्धित रोपांची आणि केळीच्या रोपांची सवय आपल्याकडे झाली, रताळ्याची झाली नाही. माझ्या मते सीमाभागातल्या रताळी उत्पादकांना नवा चमकदार वाण मिळण्यापेक्षा आहे त्याच तांबड्या सालीच्या वाणाचं स्वच्छ बेणं गावाजवळ मिळणं अधिक मोलाचं आहे. बाजार त्याच रताळ्याला ओळखतो, बेळगावच्या यार्डातून ते पार उत्तरेकडे जातं, आणि शिवरात्रीच्या आधी तर गाड्यांची रांग लागते. गिऱ्हाईक बदलायला लावणं सोपं नसतं.

एकच वेल सगळ्यांनी लावण्यातला दुसरा धोकाही सांगायला हवा. प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर अळूचे कंद हे मुख्य अन्नही होतं आणि परदेशी जाणारा मालही. शेतकरी बहुतेक एकच चांगला वाण लावत. १९९३ साली पानांवर करपा आला. सगळी झाडं एकाच झाडाचे तुकडे, त्यामुळे एकाला जे झेपलं नाही ते कुणालाच झेपलं नाही, आणि निर्यात काही काळात जवळजवळ शून्यावर आली. नंतर बाहेरून करप्याला तग धरणारे वाण आणून, त्यांचा संकर करून पीक पुन्हा उभं करावं लागलं. यासाठीच पेरूतल्या त्या बटाटा केंद्रात, श्रीकार्यममध्ये आणि इतरत्र हजारो वाण सांभाळून ठेवलेले असतात. बियांसारखे ते कोरड्या डब्यात भरता येत नाहीत. काचनळीत किंवा शेतात जिवंत ठेवावे लागतात, पुन्हा पुन्हा कापून लावावे लागतात. खानापूरकडच्या घरांच्या कुंपणावर कारांद्याचे, कोनफळाचे जे वेल अजून चढवलेले दिसतात, ते याच कामाचा घरगुती नमुना आहेत. आजीनं ठेवले म्हणून राहिलेले हे वेल तोडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

बेण्याबरोबर किडीही प्रवास करतात. कसाव्याचा पिठ्या ढेकूण दक्षिण अमेरिकेतून १९७० च्या दशकात आफ्रिकेत पोचला, बहुधा लागणीच्या काड्यांबरोबर, आणि कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं. हान्स हेरेन या स्विस शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं त्या किडीच्या मूळ घरी, पॅराग्वेत, तिच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी शोधली गेली आणि आफ्रिकेत सोडली गेली. फवारणीशिवाय कीड आटोक्यात आली. १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार हेरेन यांना मिळाला. तोच ढेकूण २०२० साली केरळात दिसला, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी तीच माशी आणवून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडली. साबुदाण्याचं भवितव्य असं डोळ्याला धड न दिसणाऱ्या एका माशीवर अवलंबून होतं.

आपल्या रताळ्याचा शत्रू मात्र डोळ्याला दिसतो. निळसर काळी पाठ, विटकरी छाती आणि पाय, पुढे सोंड, लांबून मुंगीच वाटेल असा भुंगा. मादी वेलाच्या बुडख्याला किंवा रताळ्याला भोक पाडून एकेक अंडं ठेवते आणि भोक बुजवते. आतली पांढरी अळी रताळं पोखरत जाते. नुकसान खाल्लेल्या भागापुरतं राहत नाही. जखम झाली की रताळं बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं, आणि थोडं पोखरलेलं रताळंही सगळं कडू लागतं, वास मारतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: बुरशी आलेली, काळी पडलेली रताळी जनावरांपुढे टाकू नयेत. त्यात बुरशीमुळे तयार होणारं एक द्रव्य गुरांच्या फुप्फुसांना इजा करतं आणि जनावर दगावू शकतं. ताज्या वेलाचा पाला मात्र उत्तम चारा आहे.

या भुंग्याबद्दल संशोधनातून कळलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे त्याला माती उकरता येत नाही. तो रताळ्यापर्यंत पोचतो तो भेगांतून. पाऊस थांबला, माती आवळली, रताळी आतून फुगून वरंबा तडकला की त्याला वाट मिळते. म्हणून दीड-दोन महिन्यांनी वरंब्याला मातीची भर देणं आणि परतीचा पाऊस दगा देईल तिथे एखादं पाणी देणं, याला फवारणीपेक्षा जास्त अर्थ आहे. दुसरी वाट म्हणजे आपणच: बुडख्याकडच्या जून कांड्यांत अंडी जास्त असतात, शेंड्याकडच्या कांड्यांत कमी. कांडी शेंड्याचीच घ्यावी असं जुनी माणसं सांगतात, ते बरोबर आहे. काढणीनंतर रानात राहिलेली फुटकी रताळी आणि वेल गोळा करणं हे कंटाळवाणं काम, पण पुढच्या वर्षीचे भुंगे तिथेच वाढतात.

याशिवाय कामगंध सापळा. मादी नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते, तो शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ओळखला आणि प्रयोगशाळेत तयार केला. त्याची रबरी गुटिका सापळ्यात टांगली की त्या वासावर नर भुंगे लांबून येतात आणि अडकतात. नर कमी झाले की अंडी कमी. एक मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी: मी एकट्यानं माझ्या वावरात चार सापळे लावले आणि शेजाऱ्यानं लावले नाहीत, तर शेजारच्या माद्या येतच राहतात. हा उपाय शिवाराचा आहे, एकट्या शेतकऱ्याचा नाही. गावात देवस्थानची वर्गणी जशी सगळे मिळून काढतात, तसे सापळे लावले तरच त्याचा फायदा दिसतो.

आता मातीखाली काय चालतं ते. बहुतेकांना वाटतं रताळी शेवटच्या दोन महिन्यांत ठरतात. ती फुगतात तेव्हा, हे खरं. पण किती लागणार ते फार आधी ठरतं. कांडीच्या मातीत गेलेल्या प्रत्येक पेरापासून मुळं फुटतात. सुरुवातीला ती सगळी सारखीच दिसतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात त्यांच्या आत फाटा फुटतो. काही मुळांत पेशी भराभर वाढून पिठूळ गर साठू लागतो, ती रताळी होतात. काहींच्या पेशी लाकडासारख्या कडक होतात, ती पुढे बोटाएवढी, दोरीसारखी राहतात, कधीच फुगत नाहीत. माती घट्ट असली, पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही किंवा लावल्या लावल्या ताण पडला तर जास्त मुळं लाकडी होतात. एकदा लाकडी झालेलं मूळ मागे फिरत नाही. जुलैतल्या जोराच्या पावसात ज्या वरंब्यांच्या सऱ्यांत पाणी तुंबतं, तिथे पुढे कितीही खत टाकलं तरी रताळी कमीच लागतात, त्याचं कारण हे. उंच वरंबा आणि सरीला मोकळी वाट, एवढ्यावर अर्धं पीक असतं.

लागणीबद्दल दोन बारकावे. कांडी वीस ते तीस सेंटिमीटरची, तीन-चार पेरं मातीत जातील अशी. दोन वरंब्यांत ६० आणि दोन कांड्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी साधारण ३३ हजार कांड्या लागतात, म्हणजे बेण्याचा खर्च किरकोळ नाही. आणि कापलेल्या कांड्या पानांसकट दोन दिवस सावलीत ठेवून मग लावल्या तर मुळं लवकर धरतात, अशी श्रीकार्यमच्या संस्थेची शिफारस आहे. कांडी शिळी झाली म्हणून आपण कुरकुरतो, ती उलट कामाला येते.

खतात एकच चूक सर्रास दिसते: युरिया. वेल काळाभोर होतो, मन भरून येतं, आणि खाली काही नसतं. नत्र जास्त झालं की झाड पानात गुंततं. पानात तयार झालेली साखर मुळाकडे नेऊन साठवण्याच्या कामात पालाश, म्हणजे पोटॅश, लागतो, म्हणून रताळ्याच्या शिफारशीत पालाश नत्राएवढाच असतो. वेल उचलून पलटण्याची आपली पद्धतही याच कारणानं चांगली: वेल जिथे मातीला टेकतो तिथे प्रत्येक पेराला मुळं फुटतात, बारीक बारीक गाठी धरतात आणि मुख्य बुडख्याचा वाटा जातो.

रंगीत रताळ्यांविषयी हल्ली बरंच ऐकू येतं. आपलं तांबड्या सालीचं रताळं आतून पांढरं असतं आणि त्यात अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य, बीटा कॅरोटिन, नगण्य असतं. आतून नारिंगी रताळ्यात ते भरपूर. श्रीकार्यमच्या संस्थेच्या 'भू सोना' वाणात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम आहे. 'भू कृष्णा' आतून जांभळा, त्यातलं रंगद्रव्य वेगळं. आफ्रिकेत लहान मुलांना अ जीवनसत्त्वाच्या अभावानं अंधत्व येत असे, आजार बळावत असत. तिथे नारिंगी रताळी घरोघरी पोचवण्याच्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बौइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. चांगल्या नारिंगी रताळ्याचा साधारण सव्वाशे ग्रॅमचा तुकडा शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलाची दिवसाची गरज भागवतो. वर थोडं तूप किंवा तेल हवं, कारण हे द्रव्य स्निग्धाबरोबरच अंगी लागतं.

मग सगळ्यांनी नारिंगीच का लावू नये? कारण रताळ्यात नारिंगी रंग वाढला की बहुधा पिठूळपणा कमी होतो, गर ओलसर, मऊ होतो. मुलांना तो आवडतो. मोठ्यांना, आणि भाजलेलं कोरडं रताळं खाणाऱ्या उत्तरेकडच्या गिऱ्हाइकाला तो पाणचट वाटतो. संशोधक दोन्ही गुण एका वेलात आणायच्या मागे आहेत. तोपर्यंत विकायला आपलं तांबडं आणि परसात घरच्या मुलांसाठी चार ओळी नारिंगी, असं करायला हरकत नाही.

चवीचं शास्त्र छोटंसं आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कच्चं रताळं फारसं गोड नसतं. त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, साधारण ६० ते ७५ अंश तापमानाला पिठाची साखर करतं. त्याहून तापलं की ते विकर मरतं. कुकरात रताळं झटकन त्या टप्प्यापलीकडे जातं. चुलीच्या गरम राखेत पुरलेलं रताळं त्या टप्प्यातून सावकाश जातं, म्हणून राखेतल्या रताळ्याला कुकरातलं गाठत नाही. काढल्यावर चार-पाच दिवस उबदार, दमट सावलीत ठेवलं तर सालीवरच्या जखमाही भरून येतात आणि रताळं टिकतं. घाईनं ओलं पोत्यात भरलेलं रताळं यार्डात पोचेपर्यंत कुजायला लागतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, थंडी त्याला मानवत नाही. गर मधे कडक राहतो, शिजता शिजत नाही.

बेण्यावर परत येऊन थांबतो. प्रयोगशाळेतलं बेणं उद्याच गावात येणार नाही, पण काकी करत होत्या ते आजही करता येतं, आणि संशोधकही छोट्या शेतकऱ्यांना तेच शिकवतात. फरक एवढाच की निवड लावताना न करता काढणीच्या आधी करायची. वेल अजून हिरवे असताना वरंब्यावरून फिरा. पानं मोठी, सपाट, एकसारख्या रंगाची आहेत, डाग नाहीत, कडा वळलेल्या नाहीत, असे शंभरेक बुडखे हेरा आणि शेजारी काठी रोवून चिंधी बांधा. काढताना चिंधीचे बुडखे आधी काढा. ज्यांना मनासारखी रताळी लागली आहेत आणि एकही किडकं नाही, तेवढेच ठेवा, बाकीच्यांच्या चिंध्या सोडून टाका. राहिलेल्यांचे शेंडे विहिरीजवळच्या वाफ्यात लावा, जुन्या रताळ्याच्या रानापासून शक्य तितकं लांब. उन्हाळ्यात पाणी देताना आठवड्यातून एकदा नजर टाका, आणि एखाद्या वेलाची पानं बारीक होऊन वळायला लागली तर तो मुळासकट उपटा. मिरगात मोळ्या बांधाल तेव्हा ज्या कांडीबद्दल शंका येईल ती बांधावर टाका.